अद्भुतकथेतील पात्रांची वाटणी

दादासाहेब फाळके यांचा 'कालियामर्दन' हा मूकपट १९१९ साली निघाला. त्याचा जेवढा भाग काळाच्या तडाख्यातून वाचला, तेवढा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन करून ठेविला आहे, आणि हल्ली तो कोणासही घरबसल्या पाहता येतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही तो आमच्या बंधूंच्या आठ वर्षांच्या नातीस दाखविला. ह्या चित्रपटाचा आरंभ मोठा चमत्कारिक आहे. कथेस हात घालण्यापूर्वी फाळके आपली कन्या मंदाकिनी हिला तिच्या स्वतःच्या रूपात प्रेक्षकांपुढे उभी करतात. अवघी सात वर्षांची ती मुलगी नाना प्रकारचे भाव मुद्रेवर आणून दाखविते, आणि मग पाहता पाहता तिच्याच ठिकाणी मोरमुकुट घातलेला कृष्ण दिसू लागतो. आमची नात ओरडली, "आजोबा, ही तर मुलगी आहे!" आम्ही म्हणालो, "होय, मुलगीच आहे." ती गप्प राहिली. पुढे यमुनेचा काठ आला, गोपाळांची धावपळ सुरू झाली, तेव्हा ती एकाएकी उठून उभी राहिली व म्हणाली, "आता तो उडी मारणार!"

'ही'चा 'तो' नेमका केव्हा झाला, हे आम्हांस कळले नाही, व तिला तर विचारण्यातच अर्थ नव्हता. इंग्रजीत लिंग केवळ सर्वनामापाशी थांबते. आमच्या मराठीत ते विशेषणास व क्रियापदासही गाठते. त्यामुळे मराठी मुलाच्या मनात एखादे पात्र कधी पालटले हे त्याच्या वाक्यावरून तत्काळ समजते. त्या मुलीस डोळ्यांपुढे मुलगी दिसत होती, हे तिला सांगितलेही होते, आणि तरीही यमुनेत उडी घेणारा 'तो' होता. प्रेक्षकाचा विश्वास कशावर बसतो व कशावर बसत नाही, ह्याविषयी आजवर आम्ही जे पुष्कळसे वाचिले, त्यापेक्षा ह्या चार शब्दांनी आम्हांस अधिक शिकविले असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हे सारे आठवण्याचे कारण असे की, लहानथोरांनी एकत्र बसून पाहावयाच्या अद्भुतरम्य साहसपटांतून कोणत्या वर्णाच्या, कोणत्या जातीच्या, कोणत्या समाजाच्या माणसांनी कोणती पात्रे रंगवावीत, हा वाद गेली काही वर्षे पाश्चात्त्य देशांत हिरीरीने चालला आहे. हान्स ख्रिश्चन अँडरसन ह्या डॅनिश कथाकाराने १८३७ साली लिहिलेल्या जलकन्येच्या गोष्टीवर डिस्ने कंपनीने १९८९ साली एक व्यंगपट काढिला. त्यातील नायिका गौरवर्णी व तांबड्या केसांची होती. त्याच कथेचा जिवंत नटांचा चित्रपट २०२३ साली आला आणि त्यात ती भूमिका हॅले बेली ह्या कृष्णवर्णीय गायिकेने केली. तिची निवड २०१९ साली जाहीर झाली तेव्हापासूनच पुष्कळांचा संताप उसळला. मूळ कथेशी हा विश्वासघात आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. कमरेखाली माशाची शेपटी असलेल्या मुलीस जे निःशंकपणे खरी मानतात, त्यांस तिच्या कातडीचा रंग मात्र अशक्य वाटावा, हे वाचून आम्हांस प्रथम हसू आले. परंतु ते हसू फार वेळ टिकले नाही. ज्यास ह्या बाबतीत हसण्याचा अधिकार आहे अशा माणसांत आमची गणना होत नाही, हे आम्हांस लौकरच आठवले.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. त्या काळी आम्हांस नाटके बसविण्याचा नाद होता, व साताऱ्यातील एका शाळेच्या चालकांनी स्नेहसंमेलनासाठी मुलांचे एक नाटक बसवून देण्याची आम्हांस गळ घातली. आम्ही कालियामर्दनाचाच प्रसंग निवडिला. पात्रांची वाटणी एका दुपारी अर्ध्या तासात झाली. दगडफोडीवर पोट भरणाऱ्या एका कुटुंबातला, तेरा वर्षांचा, चांगला उंच व काळाभोर असा एक मुलगा त्या वर्गात होता. त्याचा आवाज खणखणीत होता. आम्ही त्याला पाहिले आणि कालिया मिळाला असे म्हणालो. कृष्णाचे काम एका वकिलाच्या मुलास दिले. तो गोरा व नाजूक होता. प्रयोगाच्या दिवशी रंगभूषा करणाराने त्या गोऱ्या मुलाच्या चेहऱ्यास, हातांस व गळ्यास निळा रंग फासला. त्यात बराच वेळ गेला. नंतर तो कालियाकडे वळला व म्हणाला, "याला रंगाचा खर्चच नाही, सर!" रंगपटात सर्वत्र हशा पिकला. आम्हीही हसलो. तो मुलगाही हसला, आणि त्याचे ते हसणे आम्हांस त्या वेळी संमतीसारखे वाटले.

त्याने काम फार उत्तम केले. प्रयोग संपल्यावर त्याची आई फाटकापाशी आम्हांस भेटली. पदर सावरीत ती म्हणाली, "सर, पोरानं काम झ्याक केलं म्हनत्यात समदी. पन एक डाव त्याला देव करा की." आम्ही उत्तर दिले, "अहो बाई, कालियाचे काम देवाच्या कामाहून अवघड असते. ते कोणालाही जमत नाही." हे उत्तर खोटे नव्हते. त्या बाईने मान हलविली व ती निघून गेली.

आता 'कृष्ण' ह्या शब्दाचा अर्थ काय, हे साताऱ्यात कोणास सांगावयास नको. कृष्ण म्हणजे काळा. आमच्या जिल्ह्यातून वाहणारी नदीही त्याच नावाची आहे, आणि पंढरपुरास विटेवर जो उभा आहे तो काळ्या पाषाणाचा आहे. वारकऱ्यांच्या तोंडी देवाचा 'सावळा' हा उल्लेख लाडाचा आहे. मग चित्रांतून तो निळा का झाला? अमरसिंहाने आपल्या कोशात कृष्ण, नील, श्याम, काल हे शब्द एकाच अर्थाखाली बसविले आहेत, तेव्हा चित्रकारांस बचावाची जागा नाही असे नव्हे. तथापि बाजारात 'नील' म्हणून मिळणारा रंग काळ्याहून निराळा असतो हे त्यांस ठाऊक होते, व छापील चित्रांच्या युगात देवाची कांती दरवर्षी थोडी थोडी उजळत गेली. फाळके स्वतः काही काळ लोणावळ्याजवळच्या रविवर्मा छापखान्यात काम करीत होते; देवादिकांची रूपे घरोघर पोचविणाऱ्या त्या चित्रांचा त्यांस पुरता परिचय होता. त्यांच्या मूकपटास रंग नव्हता, म्हणून हा प्रश्न त्यांच्यापुढे आलाच नाही. आमच्यापुढे आला होता. काळ्या देवाचे काम करावयास काळा मुलगा समोर उभा असता, आम्ही गोऱ्या मुलास रंगविण्याचा खर्च केला! आणि हे आमच्या ध्यानात त्या दिवशी आले नाही, त्या वर्षीही आले नाही. एवढे शिक्षण झालेल्या माणसास अशी गोष्ट दिसू नये ह्याचे आज नवल वाटते. पण कदाचित शिक्षणाचा व दृष्टीचा आपण समजतो तेवढा निकट संबंध नसावा.

येथे कोणी विचारील की, एका शाळेच्या नाटकातली ही क्षुल्लक गोष्ट, तिचा एवढा ऊहापोह कशासाठी? कल्पितकथा ही कल्पितकथाच. तीत नाग बोलतात, पोरे डोहात शिरून त्यांच्या फणेवर नाचतात. अशा ठिकाणी न्यायान्यायाचा हिशेब मांडणे म्हणजे स्वप्नावर कर बसविण्यासारखे आहे. ह्या आक्षेपात तथ्य आहे असे आम्ही फार दिवस मानीत होतो. आता आमचे मत नेमके उलट झाले आहे, व त्याची कारणे सांगणे हाच ह्या लेखाचा हेतू आहे.

ऐतिहासिक नाटक लिहिणारास बखरींचा व कागदपत्रांचा जाच असतो. त्याने दरबारात कोणास उभे केले व कोणास केले नाही, असे विचारिले असता, "त्या काळी तसे होते," असे तो म्हणू शकतो. वास्तववादी कादंबरीकारही समाजाकडे बोट दाखवून मोकळा होतो. अद्भुतकथा रचणाराजवळ असा एकही साक्षीदार नाही. त्याने जग नवे निर्माण केले आहे. त्यात नद्या कोणत्या दिशेने वाहाव्या हेही तोच ठरवितो. अशा संपूर्ण स्वतंत्र माणसाने आपल्या नव्या जगातही गोऱ्यास शूर व काळ्यास दुष्ट ठरविले, तर ती निवड सर्वस्वी त्याची आहे. स्वातंत्र्य जितके मोठे, तितकी ही जबाबदारी टाळण्याची सबब लहान. शिवाय अशा कथेचा प्रेक्षक बहुधा लहान मूल असते. बखरीवर विश्वास ठेवावा की ठेवू नये हे प्रौढ माणूस ठरवील. मुलास ठरविण्यासारखे काही नसतेच, ते कथेत सरळ राहावयास जाते. तेथे गेल्यावर आपल्यासारख्यास कोणते घर दिले आहे, हे ते न विचारताच पाहून येते.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. ज्यास अभिनय साधेल त्यास काम द्यावे, वर्ण व जात पाहू नये. हे तत्त्व आम्हांस सर्वथा मान्य आहे. अडचण एवढीच की, त्या दुपारी आम्ही ते पाळिले नव्हते. कृष्णाची भाषणे आम्ही त्या वकिलाच्या मुलाखेरीज दुसऱ्या कोणाकडून वाचूनच घेतली नाहीत. परीक्षा झालीच नव्हती, आणि निकाल मात्र गुणांवर लागला असे आम्ही मानीत होतो. गुणवत्तेचे नाव घेणाऱ्या पुष्कळ ठिकाणी असेच घडत असावे, अशी आमची शंका आहे.

आणि आमच्या ह्या मुलखास तर देह व भूमिका ह्यांचे साम्य हवे असा हट्ट धरता येणार नाही. विष्णुदास भावे यांनी सांगलीस चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने १८४३ साली 'सीतास्वयंवर' नाटक केले, तेव्हापासून कित्येक दशके आमच्या रंगभूमीवरच्या सीता, द्रौपदी व शकुंतला पुरुषच होत्या. नागठाण्याच्या बालगंधर्वांच्या शालूची व नाकातल्या नथीची नक्कल कुलीन स्त्रिया करीत. फाळक्यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'मधील तारामती साळुंके नावाच्या तरुणाने केली, जो पूर्वी एका उपाहारगृहात नोकरीस होता. आणि १९१७ सालच्या 'लंकादहना'त तर राम व सीता ही दोन्ही कामे त्याच साळुंक्यांनी केली. ज्या लोकांनी एकाच माणसास स्वतःच्याच विरहात व्याकुळ झालेला पाहून डोळे पुसले, त्यांस कोणते पात्र कोणी करावे ह्याचा विटाळ कशास व्हावा?

पण ह्या अभिमानाच्या पोटात एक गोम आहे, ती सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. कोणीही कोणाचेही काम करावे, ही मोकळीक आमच्या रंगभूमीने एकाच दिशेने दिली होती. पुरुषास सीता होण्याची मुभा होती. स्त्रीस सीता होण्याची नव्हती, मग राम होणे दूरच. 'मोहिनी भस्मासुर' ह्या फाळक्यांच्या दुसऱ्या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमलाबाई ह्यांनी कामे केली, तेव्हा कोठे पडद्यावर स्त्री आली. तेव्हा ज्यांच्या ताब्यात रंगमंच असतो ते आपल्या कल्पनाशक्तीचे कौतुक करतात, आणि त्या कल्पनाशक्तीला दुसऱ्या बाजूने कोणी हाक मारली की त्यांस मूळ कथेची आठवण होते. मंदाकिनीचा कृष्ण ह्या दृष्टीने विरळा. फाळक्यांनी तो समतेच्या विचाराने केला असे आम्ही म्हणत नाही. घरची मुलगी हाताशी होती व तिच्यात गुण होता, एवढेच कारण पुरेसे आहे. सोयीसाठी केलेल्या चांगल्या गोष्टीचे श्रेय कितपत द्यावे, हा नीतिशास्त्राचा जुना प्रश्न आहे. आमच्या नातीस त्याच्याशी कर्तव्य नव्हते.

राक्षसांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. भाव्यांच्या परंपरेतील नाटकांत राळेच्या भडक्यात आरोळ्या ठोकीत राक्षस येत, व त्या आरोळीवरूनच पुढील पिढीने त्या नाटकांस 'अललडुर्र' असे थट्टेचे नाव ठेविले. राक्षसास आरोळी होती. पण बाजू क्वचितच असे. मात्र आमच्याच लोकांच्या मनात ह्या गोष्टीची एक निराळी आवृत्तीही शतकानुशतके जिवंत राहिली आहे. पुराणातील बळी हा असुर. त्यास पाताळात लोटणारा वामन हा विष्णूचा अवतार. आणि तरी दिवाळीच्या पाडव्यास आमच्या खेड्यापाड्यांतील बायाबापड्या ओवाळताना बळीचेच राज्य येवो अशी इच्छा करितात. खटाव तालुक्यातील कटगुण हे ज्यांचे मूळ गाव, त्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहून अवताराच्या कथा उलट्या बाजूने वाचून दाखविल्या. त्यांचा प्रत्येक तर्क इतिहासाच्या कसोटीस उतरतो असे नाही. पण ज्यास तुम्ही राक्षस म्हणता तो कोणाचा तरी राजा होता, हे म्हणण्याचे धाडस त्यांनी केले, आणि ते धाडस करण्यापूर्वीच शेतकऱ्यांच्या बायकांनी ते आपल्या परीने केलेले होते.

बरे, भागवतकारासही हे सुचले नव्हते असे नाही. दशमस्कंधातील कालियाची कथा ज्यांनी मुळातून वाचली असेल त्यांस ठाऊक असेल की, कृष्ण त्या नागास ठार करीत नाही. नागपत्न्या येऊन पतीसाठी रदबदली करतात. आणि मग स्वतः कालिया बोलतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: आम्ही जन्मतःच असे, हा स्वभाव आम्ही मागून घेतलेला नाही, ही सृष्टी तूच निर्माण केलीस, मग दोष आमचा किती? ह्यावर कृष्ण वाद घालीत नाही. तो त्यास सहकुटुंब समुद्राकडे जावयास सांगतो. एवढ्या प्राचीन ग्रंथात पराभूत शत्रूस असा प्रश्न विचारू दिला आहे, ही आम्हांस कथेतील सर्वांत अद्भुत गोष्ट वाटते. त्या तेरा वर्षांच्या मुलाने हे भाषण पाठ केले होते. तालमीत तो ते मोठ्या तन्मयतेने म्हणत असे. प्रयोगाच्या आदल्या दिवशी लांबी फार होते म्हणून आम्ही ते गाळले व फुशारकीची भाषणे ठेविली, कारण त्यांवर टाळ्या पडत.

पाश्चात्त्य चित्रपटांत हल्ली जो उपाय योजिला जातो, त्याविषयी आमचे मन द्विधा आहे. मॅडेलिन लेंगल ह्या लेखिकेच्या १९६२ सालच्या बालकादंबरीवर 'अ रिंकल इन टाइम' हा चित्रपट २०१८ साली निघाला. त्याची दिग्दर्शिका एव्हा डुव्हर्ने ही कृष्णवर्णीय स्त्री, व नायिका मेग हीही त्या वर्णाची केली होती. हरवलेल्या बापास शोधीत विश्वापार जाणारी ती हुशार, हट्टी, स्वतःस कुरूप समजणारी मुलगी पाहून पुष्कळ मुलींस हर्ष झाला असेल. चित्रपट मात्र टीकाकारांस फारसा रुचला नाही व धंद्यातही बुडाला. लगेच काहींनी ह्या अपयशाचे खापर वर्णवैविध्यावर फोडले. आमच्या मते चित्रपट सैल होता, आणि सैल चित्रपट कोणत्याही वर्णाच्या नायिकेने घट्ट होत नाही. परंतु गोऱ्या नायकांचे शेकडो साहसपट दरसाल आपटतात, तेव्हा गोरेपणा नडला असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. एवढे मात्र खरे की, प्रत्येक वर्णाचे एकेक माणूस मोजून रांगेत उभे करण्याची जी रीत पडू पाहत आहे, तिच्यात आम्हांस गणिताचा वास येतो.

हजर असणे व स्थान असणे ह्यांतील भेद साताऱ्याने फार पूर्वी पाहिला आहे. येथील राजवाड्यातील सरकारी शाळेत १९०० साली भीमराव आंबेडकर ह्यांचे नाव दाखल झाले. पटावर नाव होते, वर्गात मुलगा होता. बसावयास मात्र कोपऱ्यात गोणपाटाचा निराळा तुकडा होता. कोणी बाहेरचा निरीक्षक येऊन डोकी मोजता, तर त्याची मोजणी बरोबरच भरली असती.

आपल्या मराठी चित्रपटाने ह्या बाबतीत एक मोठे काम केले आहे. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तील जब्या हा काळा, डुकरे पकडणाऱ्या कुटुंबातला मुलगा कथेच्या मध्यभागी आहे, आणि आवडती मुलगी वश व्हावी म्हणून तो रानोमाळ काळी चिमणी शोधीत हिंडतो. आमच्या दृष्टीने त्या चित्रपटात एक परीकथा दडलेली आहे. पण वास्तव तिला पंख फुटू देत नाही, आणि तसे करणे त्या कलाकृतीस योग्यच होते. आमचे म्हणणे निराळे आहे. जब्यासारख्या मुलास आम्ही दुःखाचा नायक होऊ देऊ लागलो. त्याचे रडणे आम्ही गंभीरपणे पाहतो, त्यावर लेख लिहितो. त्याने उडत्या घोड्यावर बसावे, राजकन्येस नव्हे तर साऱ्या राज्यास सोडवावे, आणि वाटेत थोडी थट्टामस्करीही करावी, अशी कथा मात्र त्याच्या वाट्यास अजून क्वचितच येते. दुःख हे त्याच्या मालकीचे व मौज दुसऱ्याच्या मालकीची, ही वाटणीही एका अर्थी त्या दुपारच्या आमच्या वाटणीसारखीच आहे.

त्या मुलाची गोष्ट अर्धीच सांगून झाली आहे. आईचे शब्द आमच्या मनात कोठे तरी सलत राहिले असावेत, कारण पुढील वर्षी त्याच शाळेत आम्ही पुन्हा नाटक बसविले तेव्हा त्यास देव करावयाचाच, असे ठरवून गेलो. त्या वर्षीच्या नाटकाचा नायक आमच्या मनात आधीच ठरलेला होता, व तो तो नव्हता. म्हणून आम्ही त्यास इंद्र केले. इंद्रास दोन वाक्ये होती, व बाकीचा वेळ सिंहासनावर बसून राहावयाचे होते. मुकुट मात्र सर्वांत मोठा त्यालाच दिला. आईला आम्ही मुद्दाम पहिल्या रांगेत बसविले, व आपण एक जुने ऋण फेडले अशा समाधानात पडद्याआड उभे राहिलो.

प्रयोग झाल्यावर तो मुकुट परत द्यावयास आला. पुठ्ठ्याचा होता, एका बाजूस चेपला होता. आम्ही विचारिले, "काय रे, यंदा देव झालास ना?" तो थोडा घुटमळला. मग म्हणाला, "व्हय सर. पन कालियाचं बरं हुतं. त्याला बोलायला तरी हुतं."

आम्ही काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा दिलेच नसावे. मुकुट घेऊन आम्ही पेटीत ठेविला, आणि तो कपडे बदलावयास गेला.